परबांच्या तांदळातले खडे

मावशी, तुझ्या शोकसभेला एकशे बारा माणसं होती. मी दोनदा मोजली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "होती तितकी होती. तुका काय वाढूचा होता त्यांका?" इतकी वर्षं खानावळ चालवलीस, पण आज किती पानं उठली हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मी विचारायचो आणि तू पातेल्याचा तळ दाखवायचीस.

चाळीच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. सात जण बोलले. कुणी तुला वाघीण म्हणालं, कुणी रणरागिणी. मला त्यात तू काही सापडेनास. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा वसंता उठला. सभांमधून बोलून बोलून आता तो चांगला वक्ता झालाय. त्याने चार वर्षांपूर्वीची, शेठच्या दुकानापुढची गोष्ट सांगितली. "आणि मग आपल्या दत्ताराम साटमांनी आकडा वाचला!" असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. त्याच वेळी मागच्या रांगेतून बाबी परब उठले आणि चपला शोधू लागले. चपला लवकर सापडेनात. टाळ्या थांबेपर्यंत ते वाकून चपलाच शोधत होते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चाळीच्या हस्तलिखित अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मंडळाने सांगितलंय. मी लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत फेऱ्या मारतो. बायको म्हणते, "बसा तरी, नाहीतर चाला तरी." म्हणून आता जे आहे ते तुलाच सांगतो. हस्तलिखित वाचणाऱ्यांत नवे बिऱ्हाडकरू आहेत, त्यांच्यासाठी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल. तुला ती ठाऊक आहे. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, आणि माझं भांडण तिथेच आहे.

ते गोळीबाराचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. गिरण्या बंद, दुकानं बंद. पलीकडच्या गल्लीतला एक जॉबर, गिरणीतला मुकादम, गोळी लागून गेला. तू बायकांच्या मोर्च्यात पुढे होतीस. दोन दिवस कोठडीत राहून आलीस. कसं होतं, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "भात कच्चो होतो. घोषणा बऱ्यो होत्यो." एवढ्यावर तू पदर खोचून चुलीपुढे बसलीस.

आपल्या तळमजल्यावर शेठचं किराण्याचं दुकान. मागच्या खोलीत शेठ, कांताबेन आणि त्यांची मुलगी. अठरा वर्षं ही गुजराती मंडळी आपल्यात राहत होती. त्यांच्या तांदळात खडे असत हे खरं. माझ्याही दाताखाली आलेत. पण इतकी वर्षं आपण त्यांना नुसते खडे म्हणत होतो. त्या आठवड्यात ते गुजराती खडे झाले. शेठ मराठी माणसाच्या तांदळात मुद्दाम खडे मिसळतो, असं गॅलरीगॅलरीतून बोललं जाऊ लागलं.

मग ती दुपार. साठ-सत्तर माणसं दुकानापुढे जमली. नक्की आकडा माझ्याजवळ नाही, कारण तेव्हा मी मोजत नव्हतो, घाबरलो होतो. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. वसंता सगळ्यांच्या पुढे, कपाळाला लाठीच्या जखमेवर पट्टी, हातात दगड. आणि तू जिन्यावरून उतरलीस. एका हातात गुंडाळलेली चटई, दुसऱ्या हातात सूप. सरळ जाऊन दुकानाच्या पायरीवर बसलीस.

"मावशी, बाजूला हो," वसंता म्हणाला.

"कित्याक? तुझो नेम चुकता काय?"

"हा माणूस आपला नाही, मावशी!"

"मुंबय आपली म्हणतास मा? मगे आपल्या घरातल्या माणसाक घरातच कोण मारता रे?"

"तो तांदळात खडे घालतो."

"घालता? मगे बघूया. शेठ, गोण भायर काढ." आणि मान वर करून तू हाक मारलीस, "गो बायांनू, सुपां घेवन खाली येवा!"

बायका आल्या. त्या मात्र मी मोजल्या. सत्तावीस. त्यांतल्या नऊ मागच्या चाळीतल्या. त्यांच्या हातचं पाणी आपल्यातल्या काही घरांत तोवर चालत नव्हतं. चटया पुरेनात, तेव्हा जिला जिथे जागा मिळाली तिथे ती बसली. दगड मारायचा तर आता तो कुणाच्या तरी आईच्या डोक्यावर पडणार होता.

"दत्ताक बोलवा," तू म्हणालीस. "तो गिरणीत सूत मोजता, खडे मोजूक त्येका काय जड?"

माझं काम टेस्टिंग खात्यात. सुताचा नमुना घ्यायचा, लांबी मोजायची, वजन करायचं आणि सूत सांगितल्या नंबराचं आहे की नाही ते लिहायचं. वीस वर्षं तेच केलंय. मी आलो आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, की एकाच दुकानाचे खडे मोजून काही कळायचं नाही, दुसऱ्या दुकानाशी ताडून बघायला हवं. करी रोडच्या वळणावर बाबी परबांचं दुकान होतं. त्यांनी त्याच आठवड्यात 'मराठी माणसाचे दुकान' असा फलक लावला होता. निरोप गेला. परब स्वतः खांद्यावर पोतं घेऊन हसत आले. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. मी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

दहा शेर शेठचा, दहा शेर परबांचा. निवडायला पाच वाजेपर्यंत वेळ लागला. त्या अडीच तासांत काय झालं ते मी तेव्हा पाहिलं आणि विसरलो; आता गॅलरीत फेऱ्या मारताना एकेक आठवतं. पोरं आधी उभी होती, मग उकिडवी बसली. कुणीतरी शेठच्या मुलीला पाणी मागितलं, तिने आणून दिलं. वसंताची आई बायकांच्या रांगेत होती. ती डोकं वर न करता म्हणाली, "वश्या, उभा काय ऱ्हवलंस? कळशी भरून आण." दगड खाली ठेवल्याशिवाय कळशी उचलता येत नाही. त्याने दगड पायरीशी ठेवला. परत आला तेव्हा त्या दगडाला टेकवून कुणीतरी सूप उभं केलं होतं.

मोजणी संपली. शेठच्या दहा शेरांत सेहेचाळीस खडे निघाले. परबांच्या दहा शेरांत एकशे एकतीस.

तू कागदावर नजर टाकलीस आणि माझा दंड धरून मला खांबाआड नेलंस.

"आकडो वाचू नको."

"का?"

"दोनय तांदळात खडे आसत, इतक्याच सांग. पोरां दमली हत, आता घराक जातली."

"मावशी, साहेबाने सांगितलं तरी मी नंबर बदलत नाही."

"बदल म्हणान कोण सांगता? वाचू नको म्हणतंय."

"न वाचणं म्हणजे लपवणंच."

"अरे मेल्या, खरां सांगूचा म्हणजे सगळाच सांगूचा, असा कोणी सांगल्यान तुका?"

मी वाचला. घसा साफ करून, आधी शेठचा, मग परबांचा. आवाजात ऐट होती, हे आज कबूल करतो. कुणीतरी हसलं. परब आपल्यातच उभे होते. "माझ्या दुकानात मी कधी..." एवढं म्हणाले आणि पुढचं कुणी ऐकलं नाही. जी पोरं अडीच तास मराठी माणसाच्या बाजूने बसली होती त्यांची फजिती झाली होती, आणि फजिती झालेल्या माणसाला जायला कुठेतरी जागा लागते. पोरं करी रोडला गेली. फलक खाली आला. दोन गोणी रस्त्यावर फाडल्या. शेठचं दुकान वाचलं आणि परबांचं फुटलं. वसंता भाषणात गोष्ट आकड्याशीच संपवतो, पुढे जात नाही. मीही चार वर्षं तिथेच संपवत आलो.

तू मला रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी भात वाढताना एकच वाक्य बोललीस. "तुझो आकडो बरोबर आसतलो. पण तो कोणाच्या हातातसून इलो, ता बघलंस काय?" मला वाटलं, तुझं ऐकलं नाही म्हणून तू टोमणा मारतेस.

त्यानंतर तू परबांच्या घरी जायला लागलीस. गुरुवारी दुपारी खानावळीला सुट्टी असे, तेव्हा. पहिले तीन गुरुवार परबांच्या बायकोने दार उघडलं नाही. तू आपले तांदूळ आणि आपलं सूप घेऊन उंबऱ्याबाहेर बसलीस, निवडलेस आणि उठून आलीस. चौथ्या गुरुवारी ती आपलं सूप घेऊन बाहेर आली. अकराव्या गुरुवारनंतर परबांनी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी चाळीतल्या बायका रांगेत होत्या. माझी बायकोही होती, म्हणून मला ठाऊक. फलक मात्र परबांनी पुन्हा लावला नाही. आणि माझ्याशी ते बोलले नाहीत.

भांडण मात्र आपलं चालूच राहिलं. रविवारी मी तुझ्याकडे माशाचं जेवायला यायचो आणि तिसऱ्या घासाला विषय निघायचा. मी म्हणायचो, खडे मोजले म्हणून चाळ शांत झाली. तू म्हणायचीस, "बसली म्हणान शांत झाली." मी म्हणायचो, नुसतं बसून काय होतं? तू म्हणायचीस, "तू चार वर्सां हंयसर बसतंस, अजून माका मारलंस काय?" यावर तुझ्या पंगतीतले लोक हसायचे आणि मी चिडून आमटी मागायचो. खरं तर मला हे आधीच ठाऊक व्हायला हवं होतं. लग्नाआधी मी तुझ्याकडे जेवत होतो तेव्हा एका खोलीतले दोन भाऊ खिडकीजवळच्या जागेवरून हमरीतुमरीवर आले होते. तू एकाला नारळ खोवायला बसवलंस, दुसऱ्याला लसूण सोलायला, समोरासमोर. न्याय केलाच नाहीस. "हाताक काम आसला की तोंड हळू चालता," एवढंच म्हणालीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, या बाईला फुकट कामकरी मिळाले.

आता कांताबेनचं सांगतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याशीच उभ्या राहून म्हणाल्या, "दत्ताभाई, तुमचा आकडा खोटा होता."

मी म्हणालो, मी दोनदा मोजला होता.

"मोजला बरोबर. तांदूळ खोटे होते. दोन दिवस दुकान बंद होतं ना, त्यात मी आणि माझी मुलगी, आम्ही पुढच्या दोन गोणी निवडून ठेवल्या होत्या. बाहेर लोक खडे खडे ओरडत होते. मला भीती वाटली. शेठना पण नाही सांगितलं. ते रागावले असते, म्हणाले असते, निवडलं म्हणजे आपण गुन्हा कबूल केला. घाईत निवडले, म्हणून थोडे राहिले."

"आणि हे मावशीला..."

"त्याच दिवशी सकाळी सांगितलं. रडून सांगितलं. कोणाला बोलू नको म्हटलं. तिने हो म्हटलं." मग त्या खाली चौकाकडे बघून म्हणाल्या, "काल तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या. परबभाई चपला शोधत होते. मला बघवलं नाही."

मावशी, माझ्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवतो. नमुना न फोडलेल्या पेटीतून, आपल्या हाताने घ्यायचा. उघडी पेटी समोर असली तरी ती सोडायची, कारण तिच्यातून कुणाचे हात गेलेत ते आपल्याला माहीत नसतं. त्या दिवशी शिवलेली गोण आत होती. मी आत गेलो नाही. बाहेर दगड होते, मला पायरीवरच राहायचं होतं. शेठने काढून दिलेली, तोंड उघडं असलेली पुढचीच गोण मी ओढली. परबांनी मात्र माझ्यासमोर शिवण उसवून तांदूळ ओतला होता. वीस वर्षांत इतका वाईट नमुना मी घेतला नसेन, आणि त्याच आकड्यासाठी शोकसभेत मला टाळ्या पडल्या.

हे माझं झालं. आता तुझं.

तुला खांबाआड ते ठाऊक होतं. "कांतान निवडले हत ते," इतकंच म्हणाली असतीस तर मी तिथेच कागद फाडला असता, हे तुला माहीत होतं. तू म्हणाली नाहीस. मला वाचू दिलंस. परबांच्या गोणी फाटू दिल्यास. एका बाईला दिलेला शब्द पाळायला दुसऱ्या माणसाचं दुकान गेलं, त्याची बायको तीन गुरुवार दाराआड रडली. मी तुझ्यावर रागावलोय, मावशी. तुला जाऊन तेरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर रागावलोय, हे कुणाला सांगू?

मग फेरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो की वाटतं, पोरं पाच पावलांवर होती. मी कागद फाडला असता तर का फाडला असं त्यांनी विचारलं असतं, आणि मला गप्प राहता आलं नसतं. शेठच्या बायकोने आधीच निवडून ठेवलं, म्हणजे चोरीच, असं म्हणून पायरीजवळचा दगड पुन्हा उचलला असता. त्यांच्या मागे ती मुलगी होती, पाण्याचा तांब्या धरून. दुकान की माणसं, असा हिशेब तू केलास का? की हिशेब केलाच नाहीस, फक्त शब्द दिला होता म्हणून गप्प राहिलीस? खांबापासून दुकानाच्या पायरीपर्यंत वीस पावलं. तेवढ्यात तू ठरवलंस. मी सभेपासून चालतोय, माझं ठरत नाही. आणि परबांच्या उंबऱ्यावर तू अकरा दुपारी बसलीस तेव्हा हे सगळं तुझ्या तोंडात होतं. एक शब्द टाकला असतास तर दार पहिल्या गुरुवारी उघडलं असतं.

कांताबेनना मी विचारलं, हे लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. पण पहिलं परबभाईंना कळू दे. माझं मी जाऊन सांगेन. तुम्ही तुमचं सांगा."

काल गुरुवार होता. अर्धी रजा टाकून करी रोडला गेलो. परब तराजूपाशी होते, दोन गिऱ्हाइकं उभी होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. पण तो आकडा मी चारचौघांत वाचला होता.

"परब," मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी मी वाचलेला आकडा धरू नका. नमुना मी नीट घेतला नव्हता. तुमच्या तांदळात खडे जास्त होते, असं त्यावरून म्हणता येत नाही."

त्यांनी तराजूचं पारडं हाताने थांबवलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"कमी होते, असां म्हणता येता?"

"तेही येत नाही."

एक गिऱ्हाईक हसलं. परब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीत काहीतरी हाललं. "मरेपर्यंत सुधारूचो नाय ह्यो," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आकडो चुकलो कसो मगे?"

सगळं उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन गोणी, दोन दिवस, आई आणि मुलगी. मी ते क्रमाने लावूनही ठेवलं होतं. आणि मला खांबाआडचा तुझा हात आठवला, दंडावर, तांदळाच्या कोंड्याने माखलेला.

"माझ्या हाताची चूक ती माझी," मी म्हणालो. "उरलेलं माझं नाही. ज्याचं आहे ते माणूस येऊन सांगेल."

परब तराजूकडे वळले. गिऱ्हाइकांना तांदूळ देऊन त्यांनी वाटेला लावलं. "ह्या तुझा बोलणां नव्हे," ते म्हणाले. "ह्या तिचा." आणि गल्ल्यामागून एक सूप काढून माझ्यापुढे सरकवलं. "बस. हात रिकामे ठेवन बोलू नको."

आता राज्य होणार, मुंबईसकट, असं सगळे नक्की म्हणताहेत. तुला ते दिसलं नाही, याचं वाईट वाटतं. तू मिठाई वाटली असतीस, आणि कुणाला किती दिली ते सांगितलं नसतंस.

काल परबांच्या दुकानात मी एका रिकाम्या गोणीवर बसलो आणि निवडू लागलो. सवयीने मोजू लागलो. सतरापर्यंत मोजले होते. मग परब म्हणाले, "पयल्या गुरवारी ती इली तेव्हा मी घरातच होतंय. दाराच्या मागे उभो," आणि पुढचे मोजायचे राहून गेले.